पहिलं एटीएम कुणाचं

अब्बासियातल्या आमच्या बँकेच्या एटीएमशेजारी एक चित्रांचा तक्ता लागला. कार्ड कुठे घालायचं, कुठलं बटण दाबायचं, सगळं चित्रांत. ज्यांना स्क्रीनवरचं वाचता येत नाही त्यांच्यासाठी. कुवेत सिटीतल्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी, रत्नागिरीकडची मैत्रीण, तिची ही कल्पना. सगळ्यांना ईमेल गेला, टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

असाच तक्ता वर्षभर माझ्या वहीत पडून होता. मी तो कुणालाच दाखवला नव्हता.

त्यात मॅनेजरनी ऑफिसच्या मासिकासाठी लेख माझ्याकडेच दिला: एटीएम कुणी शोधलं, आणि शेवटी चौकटीत आमच्या ‘संशोधक’ बाईंची ओळख. मी वाचायला लागले आणि मला बरं वाटायला लागलं. पहिलं एटीएम कुणाचं यावर एकमतच नाही. अमेरिकेतलं एक यंत्र आधीचं, पण ते पैसे नुसते घ्यायचं, द्यायचं नाही. ब्रिटनमधलं खास कागदी चेक घेऊन नोटा द्यायचं. स्वीडनचं काही दिवसांनी आलं, जपानचाही दावा आहे, आणि गुप्त आकड्याची युक्ती आणखी कुणाची तरी. चौकटीत मी लिहिलं: ‘अशा कल्पना एकाच वेळी अनेकांना सुचतात, नाव एकाचंच होतं.’ वाक्य सभ्य होतं. मला ते फार आवडलं.

तेवढ्यात तिने खुर्ची सरकवली. “काय गो, माझा नीट लिव हां. लाजून दोन ओळीत आटपू नको.”

“तुला सुचलं कसं?” मी विचारलं. माझ्या वहीच्या आधी की नंतर, ती तारीख काढून घ्यायची होती.

“माझो मामू लांब वफ्राच्या शेतांत, काकडीच्या शेडमधे कामाला. शुक्रवारी येऊन कार्ड नि पिन लायनीतल्या कोणाच्या पण हातात द्यायचा! मी मागे उभी राहून ओरडायची, सगळे हसायचे. मग खोक्याच्या पुठ्ठ्यावर चित्रा काढून दिली. झाली तीन वर्षा.”

ती गेल्यावर मी पर्समधून वही काढली. माझी चित्रं तिच्यापेक्षा सुबक होती. प्रत्येक चित्राखाली मी नीट अक्षरात इंग्रजी सूचना लिहिल्या होत्या. वाचता न येणाऱ्यांसाठी.

त्या एटीएमपाशी मलाही कितीतरी जणांनी कार्ड पुढे केलं होतं, “बेटी, जरा देखो ना.” दर वेळी मी ‘सॉरी’ म्हणून, फोनकडे बघत, निघून आले होते. आणि घरी येऊन हा तक्ता काढला होता.

मी चौकटीतलं ते सभ्य वाक्य खोडलं आणि तिच्या मामूची गोष्ट लिहिली, पुठ्ठ्यासकट. दोन ओळींत आटपली नाही. मॅनेजर म्हणाले, चौकट लेखापेक्षा छान झालीय. तिने येऊन मला मिठी मारली, सगळ्यांसमोर. अशी मिठी मारणंही मला कधी जमलं नसतं.