सईच्या क्रीमची डबी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? — मलाही नीट ठाऊक नाही.

चाकणच्या एका कंपनीत मी गाड्यांचे बंपर तपासतो. रंग वाळवून आलेला बंपर ट्यूबलाइटखाली तिरका धरायचा, बोट फिरवायचं, धुळीचा दाणा सापडला की भोवती गोल करायचा. मग तो घासून, पॉलिश मारून पुढे पाठवायचा. वर्षानुवर्षं हेच. असला माणूस घरी येऊन मुलीच्या चेहऱ्याकडे कसा बघेल, सांगा?

सई तेव्हा दहावीत होती. कपाळ, गाल, हनुवटी — सगळीकडे लालबुंद पुटकुळ्या. स्कार्फ बांधूनच शिकवणीला जायची. चिंचवडच्या डॉक्टरीणबाईंनी एक जेल आणि रोज लावायला साध्या क्रीमची डबी दिली आणि बजावलं, तीन महिने धीर धरा, दुसरं काही लावू नका. पोरीने अगदी नेमाने लावलं. मी मात्र रोज सकाळी तिला खिडकीत उभं करायचो, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवायचो.

‘‘पप्पा, मी बंपर नाहीये हो,’’ ती म्हणायची. आम्ही दोघं हसायचो. मी जरा जास्तच.

तीन महिने! आमच्या लाइनवर दाण्याला तीन मिनिटं मिळत नाहीत.

त्यात शाळेचा निरोप समारंभ आला आणि सईने जाहीर केलं, मी जाणार नाही. मी हे लाइनवरच्या सोपानजवळ बोललो. तो म्हणाला, ‘‘राव, एक ट्यूब हाय. माझ्या पोरीचं तोंड आठ दिसांत साफ झालं. मेडिकलवाला चिठ्ठी बी मागत न्हाई.’’

सई ती लावणार नव्हती, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून एका रविवारी, ती शिकवणीला गेल्यावर, तिच्या रोजच्या क्रीमच्या डबीत मी ती अख्खी ट्यूब पिळली. चमच्याच्या दांड्याने ढवळली. वरून बोटाने सारखी केली — हाताला सवय होतीच. काळजी होती का? होती. पण खरं सांगू? त्याहून जास्त उत्सुकता होती. बघू तरी, काय होतंय!

आणि झालं की! पंधरा दिवसांत गाल स्वच्छ. सई समारंभाला साडी नेसून, स्कार्फ न घेता गेली. ‘‘धीर धरला ना मी, म्हणून,’’ म्हणाली. मी मान डोलावली.

डबी संपली. नव्या डबीत मी काही मिसळलं नाही. काम झालं होतं ना! आठवड्याभरात तिचा चेहरा पेटल्यासारखा लाल झाला. पाणी लागलं तरी आग व्हायची. रडायची पोर.

डॉक्टरीणबाईंनी बघताक्षणी विचारलं, कुठली स्टेरॉइडवाली ट्यूब लावलीस? ती थांबवली की चेहरा असाच पेटतो. कुठलीच नाही, सई म्हणाली. खरं सांग, मी रागावणार नाही, बाई म्हणाल्या. ‘‘आईशप्पथ, नाही लावली!’’ बाईंनी माझ्या बायकोकडे बघून मान हलवली. या वयात मुली लपवतात, म्हणाल्या.

सई माझ्याकडे वळली. ‘‘पप्पा, तुम्ही सांगा ना.’’

गप्प बसलो असतो तरी एक वेळ — पण मी गप्पही बसलो नाही. मी म्हणालो, ‘‘सई, लावली असशील तर सांगून टाक.’’

हे वाक्य माझ्या तोंडात आलं कुठून? इतक्या वर्षांत मी ते कितीदा उलटसुलट करून बघितलंय. लाज वाटते, भयंकर लाज वाटते.

बाईंनी ट्यूबचाच त्रास समजून औषध दिलं, त्यामुळे चेहरा वर्षभरात बरा झाला. बायको मात्र बरेच दिवस तिचं दप्तर तपासत राहिली. अजूनही सई काही सांगू लागली की ती हसत म्हणते, ‘‘त्या ट्यूबसारखं नाही ना गं?’’ मीही हसतो.

सई आता तळेगावला नोकरीला आहे. यायला उशीर होणार असेल तर स्टेशनवरच्या घड्याळाचा फोटो पाठवते. कुणी मागितलेला नसतो. कालही आला. मी तो मोठा करून, कोपरा न् कोपरा बघितला.

सईने कुठलीही ट्यूब लावली नव्हती. ती तेव्हाही खरंच बोलत होती.