सड्यावरचं बायकांचं घर

पूर्णगडच्या वाटेवर, एका गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या उघड्या कातळाच्या सड्यावर मी एक घर बांधलं. मानसिक आजारातून सावरलेल्या, औषधं वेळेवर घेणाऱ्या, पण माहेर-सासर कुणीच परत नेत नाही अशा बायकांसाठी. जागा एका ट्रस्टची. मी रत्नागिरीत बंगल्यांची कामं करणारी इंजिनियर. हेही त्यातलंच एक काम, असं धरून मी ते घेतलं.

पाया खणण्याआधी गावात सभा झाली. "वेड्यांचं घर आमच्याकडे कशाला?" हे कुणीतरी म्हणणारच होतं. ट्रस्टच्या डॉक्टरीणबाईंनी न चिडता उत्तरं दिली, तसे लोक हळूहळू निवळले. मग मागून एक बागायतदार उठला. गावात त्याच्या शब्दाला वजन होतं.

"बांधा," तो म्हणाला, "पण कुंपणाचा गडगा पुरुषभर उंच हवा. आतलं बाहेर दिसता नये."

सगळ्यांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी मी जमिनीवर चुन्याच्या फक्कीनं आखणी करून घेत होते, तेव्हा तो एकटाच आला. रेषेबाहेर चपला काढून आत उभा राहिला.

"मॅडम, माझी बहीण येईल का इथं?"

बहीण कित्येक वर्षं मनोरुग्णालयात होती. बरी होऊनही तिथेच होती. गावाला त्यानं सांगितलं होतं, तिला मुंबईला दिली. त्या लग्नाला गावातलं कुणी कसं नव्हतं, हे लोकांनी विचारलं नाही की विचारून सोडून दिलं, ठाऊक नाही.

"घरी नाही नेणार?" मी विचारलं.

"बायको घाबरते." मग जरा थांबून, "मीपण."

मी त्याला डॉक्टरीणबाईंकडे जायला सांगितलं. जाताना त्यानं गडग्याचं पुन्हा काढलं. नकाशात तो कमरेएवढा आहे आणि तेवढाच होईल, असं मी सांगितलं. त्यानं वाद घातला नाही.

स्लॅब ओतून झाल्यावर डॉक्टरीणबाई राहायला येणाऱ्या बायकांना घर दाखवायला घेऊन आल्या. त्यांच्यातली बहीण मी ओळखली. हनुवटी थेट भावाची. ती सगळ्या खोल्यांतून फिरली आणि स्वयंपाकघरात थांबली.

"इथं विळी असेल?"

मी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं.

"असेल," त्या म्हणाल्या. "नारळ कशानं खवणार?"

कट्ट्यावरची सिमेंटची धूळ तिनं पदरानं पुसून काढली.

वास्तुशांतीला गावातल्या बायका आल्या, बऱ्याचशा बघायलाच. त्यांच्यातल्या एका म्हातारीनं बहिणीला ओळखलं.

"तू गो? कवा आलीस मुंबयसून?"

भाऊ तिथेच खुर्च्या मांडत होता. त्याच्या हातातली खुर्ची हातातच राहिली.

"मुंबईत नव्हते काकी. डोकं फिरलं होतं माझं. इस्पितळात होते."

म्हातारीनं तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "आता बरी हायस ना?"

"हो."

"आईस गेली तुझी, तेवा कळवलं हुतं तुला?"

"नाही."

म्हातारीनं मान वळवून भावाकडे पाहिलं. तो खुर्ची ठेवून बाहेर गेला आणि गडग्यावर बसला. बसण्यासारखाच होता तो, कमरेएवढा. थोड्या वेळानं बहीण चहा घेऊन त्याच्यापाशी गेली. मी जवळच मांडववाल्याशी बोलत होते.

"वहिनीला सांग," ती म्हणाली, "मी घरी येणार नाही. घाबरू नको म्हणावं."

त्यानं कप घेतला. चहा प्याल्याचं मी पाहिलं नाही.

पुढे भादव्यात पश्चिमेच्या भिंतीला ओल आली म्हणून मला बोलावणं आलं. बहीण व्हरांड्यात सुकट निवडत बसली होती. गणपतीत वहिनी स्वतः न्यायला आली होती, असं तिनं आपणहून सांगितलं. मोदक हिनंच वळले. पहिला मोदक पानात घेऊन वहिनी बराच वेळ तशीच बसली, मग खाल्ला.

"राहायला नाही ठेवून घेतलं?"

"ठेवत होती. मीच आले अंधाराआधी. गोळ्या इथं, खाट इथं." तिनं सुपातला कचरा फुंकला. "आईच्या फोटोला हार मात्र मी घातला."

मी भिंत पाहिली. पाणी खिडकीवरच्या छज्ज्याच्या सांध्यातून मुरत होतं. दुसऱ्या दिवशी गवंडी पाठवला.