नाताळातला नारळ

परवा लेकीनं केकवर ओलं खोबरं पसरलं आणि त्या वासानं मी थेट नव्वदच्या दशकातल्या बडोद्यात पोचलो.

बाबांना पक्षाघात झाला होता. चर्चच्या हॉलमध्ये मार्थाबेन कुणालाही फुकट व्यायाम शिकवायच्या. रावपुऱ्यातून रोज रिक्षानं मी बाबांना तिथे न्यायचो. वर्षभरात ते खुर्ची धरून उभे राहू लागले, पण पाऊल काही उचलेना.

नाताळाला आई आमच्याबरोबर नारळ घेऊन निघाली आणि चर्चच्या दारात तिनं विचारलं, "फोडायचा कुठे?" मी कॉलेजातला शहाणा, लाजेनं भिंतीला चिकटलो.

मार्थाबेन हसल्या. "लावो ने बेन, आणा इकडे! किसून केकवर घालू." त्यांनी तो स्वतः पायरीवर फोडला.

केक वाटायला लागल्यावर मी बाबांना नेऊन द्यायला त्यांची बशी उचलली.

"ठेव भाई," मार्थाबेन म्हणाल्या. "आज आशेचा दिवस. त्यांना येऊ दे."

बाबा उठले. खुर्ची सोडली. चार पावलं चालून त्यांनी बशी घेतली.

आई जन्मभर सांगायची, "माझा नारळ पावला." मार्थाबेन आनंदानं मान डोलवायच्या.  पण बाबा चालणारच नाहीत असं धरून त्यांची बशी उचलणारा त्या हॉलमध्ये एकटा मीच होतो.