यंदा जरा हळू मागा

"गुरुजी, आज ह्यांची वाट बघू नका."

यमुनावहिनींचा हा फोन आला तेव्हा मी अंबरनाथच्या शिवमंदिराच्या आवारात, नंदीजवळ, पाण्याने भरलेला तांब्या घेऊन उभा होतो. सोमवार होता आणि सकाळचे सात वाजून गेले होते. वीसएक वर्षे दर सोमवारी याच जागी मी काशिनाथ म्हात्रेची वाट पाहत आलो होतो. अलीकडच्या दीड-दोन वर्षांत त्याला दम लागला की असा निरोप येणे नवे राहिले नव्हते. "बरं वहिनी, त्याला विश्रांती घेऊ द्या," एवढे म्हणून मी फोन बंद केला. पलीकडून त्या आणखी काही बोलत होत्या का... आठवून आठवून थकलो, पण आठवत नाही. गाभाऱ्यात उतरलो, आसन घातले, नेहमीची सगळी आवर्तने पूर्ण केली आणि शेवटी सवयीने क्षणभर थांबलोही, कारण त्या ठिकाणी वरून काशिनाथचा शंख वाजत असे. वर येऊन पाहतो तो त्याच्या मुलाचे सात-आठ कॉल येऊन गेलेले. काशिनाथ पहाटेच गेला होता. मी खाली मंत्र म्हणत होतो, त्या वेळी सोनिवलीला मुलाच्या घरी, चौथ्या मजल्यावर, त्याला शेवटची अंघोळ घालत होते.

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. एवढ्या दिवसांत मी मनाशी जे बोललो आहे, ते कागदावर उतरवल्याखेरीज मला स्वस्थता लाभणार नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

काशिनाथ उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात पॉलिशचे काम करीत असे. मी शाळेतून निवृत्त झालो त्या वर्षी वडिलांच्या पोथ्यांचे शिसवी कपाट नव्याने उजळून घ्यावे असे मनात आले आणि कोणीतरी त्याला घरी पाठवले. तीन दिवस तो माझ्या ओटीवर बसून चपड्याची लाख आणि स्पिरिट यांचे हात देत राहिला. तासातासाला उठून फाटकाबाहेर जाई, सिगारेट ओढी, हात धुऊन परत येई. आत ओढत नाही हे मी सभ्यपणाचे लक्षण मानून तसे बोललो, तर हसून म्हणाला, "सभ्य वगैरे काय नाय गुरुजी. स्पिरिटजवळ काडी ओढली तर पोथ्यांसकट आपण दोघं जाऊ." तिसऱ्या दिवशी माझी संध्याकाळची पूजा त्याने दाराशी उभे राहून ऐकली आणि विचारले, "शंख नाय वाजवत?" मला वाजवता येत नाही, असे मी सांगितले. दुसऱ्या दिवशी तो मजुरी घ्यायला आला तो पिशवीत एक जुना, पिवळट पडलेला शंख घेऊनच. त्याचे आजोबा मिठागरावर होते. भरतीचे पाणी बांधापर्यंत चढू लागले की माणसांना सावध करण्यासाठी ते हाच शंख फुंकीत, असे तो सांगे. ओटीवर उभे राहून त्याने तो फुंकला. रस्त्यावरची रिक्षा थांबली. मी मनातल्या मनात त्याच्या मजुरीचा हिशेब करीत होतो, तो विसरून गेलो.

शिवाला शंखातले पाणी घालू नये असा दंडक आहे, पण शंखध्वनीला निषेध नाही. हे त्याला समजावून सांगितले तेव्हा तो म्हणाला, "चालेल. पाणी तुम्ही घाला, हवा मी घालतो." तेव्हापासून आमचे सोमवार सुरू झाले. ज्यांनी हे मंदिर पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो, येथील गाभारा जमिनीच्या पोटात आहे. सभामंडपातून वीसेक दगडी पायऱ्या उतरून खाली जावे लागते आणि वर छत नसल्याने सकाळचा उजेड सरळ पिंडीवर येतो. पहिली काही वर्षे काशिनाथ माझा तांब्या हातात घेऊन माझ्या पुढे पायऱ्या उतरे. मग चढताना मध्येच एका पायरीवर थांबू लागला. मग म्हणाला, "मी वर मंडपातच थांबतो, आवाज वरून चांगला घुमतो." मी ते खरे मानले. आणखी काही वर्षांनी तो मंडपातही येईना, बाहेर नंदीपाशी बसू लागला... मनुष्याचा श्वास इतक्या उघडपणे, पायरी-पायरीने मागे सरकत होता, आणि मी दर सोमवारी त्याच्या शेजारून पाणी घेऊन खाली उतरत होतो.

डॉक्टरांनी सांगितले ते सगळ्यांना ठाऊक असते तेच. फुप्फुसे चाळीस वर्षांच्या धुराने आणि पॉलिशच्या वासाने झिजली आहेत, झिजलेले परत येणार नाही, उरलेले राखायचे तर सिगारेट आजच बंद आणि श्वासाचा पंप सकाळ-संध्याकाळ. मी त्याला समजावले, रागावलो, एकदा दोन महिने अबोला धरला. त्याचे उत्तर ठरलेले असे. "सोडतो गुरुजी. आणखी थोडी महाग होऊ दे, आपोआप सुटेल. माझ्याच्यानं सुटणारी नाय ती, परवडली नाय की सुटेल." हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. जे मैत्रीला साधत नाही ते सिगारेटच्या भावाला साधेल, असे मला वाटले. आणि मी ती चूक केली जी माझ्यासारखा, जन्मभर विधी करीत आलेला माणूसच करू शकतो.

अर्थसंकल्पाच्या दिवशी मी पिंडीसमोर बसलो, हातात पाणी घेतले, देश-काल उच्चारला आणि तमाखूवरील करवृद्धीसाठी यथाविधी संकल्प सोडला. एकदा नव्हे, ओळीने सहा वर्षे. पहिल्या वर्षी मी हे काशिनाथला मोठ्या विश्वासाने सांगितले. तो नंदीला टेकून बराच वेळ हसला, हसता हसता खोकला. "संस्कृतमधे तंबाखू हाय?"

"'तमाखु' आहे. उत्तरकालीन आहे, पण आहे."

"आणि महादेवाला कळली?"

"त्याला सर्व भाषा कळतात."

"मग मराठीत सांगायचं ना सरळ, काशिनाथची सोडव म्हणून."

मी यावर काय बोललो ते लिहिणे आवश्यक आहे. मी म्हणालो, व्यक्तीसाठी मागण्यापेक्षा लोककल्याणासाठी मागणे श्रेष्ठ. त्या वेळी मला हे उत्तर फार शोभिवंत वाटले होते.

त्याने ही हकिगत आपल्या टपरीवर सांगितली. बुवापाड्याला, जेथे तो मुलाकडे जाण्यापूर्वी राहत होता, त्या गल्लीच्या तोंडाशी ही टपरी होती. मी त्या वाटेने जाऊ लागलो की बाकावरची मंडळी उठून उभी राहत, त्यात निम्मा आदर आणि निम्मी थट्टा असे. "आले, भाव वाढवणारे आले." एका अर्थसंकल्पाच्या संध्याकाळी त्यांनी मला अडवलेच. काचेच्या बरणीवर नव्या भावाचा कागद चिकटवलेला होता.

"गुरुजी, तुमच्या शत्रूवर पण अशी वेळ येऊ नये," एक रिक्षावाला म्हणाला. "पेट्रोलसाठी नाय काय मागत तुम्ही? ते उतरवायचं."

दुसरा कारखान्यातून नुकताच सुटून आलेला होता. "सरकारला आपल्या छातीची काळजी नाय रे, खिशाची हाय. हा समोरचा रोड बघ. आपण ओढली तेव्हा झाला."

"म्हणूनच खड्डे," काशिनाथ म्हणाला. "मधे तू आठ दिवस सोडली होतीस ना."

सगळे हसले. टपरीवाला मात्र हसला नाही. तो हलक्या आवाजात म्हणाला, "हसतायत गुरुजी, पण सोडत कोण नाय. हा विडीवर आला, तो एक घेऊन दोघांत ओढतो, एकानं पोराचं दूध अर्धं केलंय. सिगारेट तेवढीच जाते." मी हे ऐकले. माझ्या कानांनी स्पष्ट ऐकले. आणि घरी येऊन मनाशी म्हणालो, अजून पुरेशी वाढ झालेली नाही.

त्याच्या पुढच्या अर्थसंकल्पात मात्र कर पूर्वीसारखा थोडाथोडका न वाढता एकदम चढला. पुढच्या सोमवारी काशिनाथ रिक्षातून उतरला, नंदीपाशी बसला आणि त्याने खिशातून अर्धी ओढून विझवलेली सिगारेट काढून मला दाखवली. "बघा. आता अर्धीच. तुम्ही जिंकलात." मला आनंद झाला तो लपवता आला नाही. मग त्याने दुसऱ्या खिशातून निळा पंप काढला, तोंडात धरून दाबला. टक् असा आवाज झाला, मागोमाग फुस्स झाले, त्याने श्वास रोखून डोळे मिटले. "औषध पण घेतलं. खूश?" पुढे दर सोमवारी हा क्रम चालू राहिला, आधी अर्धी सिगारेट दाखवायची, मग माझ्यादेखत पंप घ्यायचा. शंख तो आता फुंकू शकत नव्हता. एकदा ओठांशी नेला, नुसती हवा गेली, तेव्हापासून पिशवीतच ठेवू लागला. पण आणायचा मात्र न चुकता. मी म्हणे, उगाच ओझे कशाला? तो म्हणे, "असू दे. त्याला पण सोमवार लागतो."

त्याचा चेहरा महिन्या-महिन्याला निळसर होत चालला होता. अर्धी ओढणारा, औषध घेणारा माणूस असा का खचत जातो, हा प्रश्न मला पडला नाही असे नाही. मी त्याचे उत्तर प्रारब्धात शोधले. शेवटच्या सोमवारी तो रिक्षातून उतरलाच नाही. मी तांब्या घेऊन रिक्षापाशी गेलो. एका शब्दाला एक श्वास घेत तो म्हणाला, "गुरुजी... यंदा जरा हळू मागा."

मी हसलो. तो नेहमीची थट्टा करतो आहे असे मला वाटले. "लोककल्याणात हात आखडता घेत नाहीत," असे काहीसे म्हणालो आणि खाली उतरलो. वर आलो तेव्हा रिक्षा निघून गेली होती.

तेराव्याच्या दिवशी, माणसे पांगल्यावर, यमुनावहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावले. त्यांनी कपाटाचा खण उघडला. आत पाच-सहा निळे पंप एका रुमालात गुंडाळून ठेवलेले होते. "मुलगा दर महिन्याला पंपाचे पैसे वेगळे द्यायचा," त्या म्हणाल्या. "हे आणायला म्हणून जायचे, आणि जुनाच खिशात ठेवायचे. ते पैसे टपरीला जायचे. भाव वाढला ना... मागच्या अख्ख्या वर्षात एक पण नवीन आणला नाय. मी एकेक दाबून बघितला गुरुजी. टक् होतं. फुस्स होत नाय."

ते फुस्स त्याच्या तोंडाचे होते. दर सोमवारी, माझ्यासमोर, माझ्या समाधानासाठी, ज्याला श्वास पुरत नव्हता तो माणूस आपल्या उरलेल्या श्वासातून औषधाचा आवाज काढून दाखवीत होता.

वहिनींनी मला दोष दिला नाही. त्यांना माझ्या संकल्पांची हकिगत ठाऊक होती, तरी दिला नाही. उलट म्हणाल्या, "तुम्हाला घाबरायचे एवढंच. दुसऱ्या कोणाला नाय." हे वाक्य मी कोणत्या तीर्थात धुऊन काढू? मी विधीत चुकलो असतो तर प्रायश्चित्त सांगितलेले आहे. पण माझा विधी निर्दोष होता. उच्चार शुद्ध होता, जे मागितले ते अक्षरशः मिळाले. माझ्या मित्राचा श्वास मागायचा होता, तो मला लहान वाटला. मी भाव मागितला. आता देवापुढे कोणती तक्रार घेऊन उभा राहू? तो मला म्हणेल, तुझे सगळे ऐकले होते...

मी सोमवारी अजून जातो. पाणी घालतो. पण हातात पाणी घेऊन संकल्पाच्या वाक्यापर्यंत आलो की पुढे शब्द येत नाहीत, बोटांमधून ते पाणी तसेच ओघळून जाते. सत्तर वर्षे मुखात असलेले वाक्य... येत नाही.

तेराव्याला निघताना वहिनींनी शंखाची पिशवी माझ्या हातात दिली. "ह्यांनी सांगून ठेवलं होतं, गुरुजींना द्या." घरी आणून मी तो धुऊन पूजेत ठेवण्यासाठी तबकात उपडा केला, तेव्हा आतून काहीतरी घरंगळत बाहेर आले. अर्धी विझवलेली सिगारेट होती. मला दाखवलेली अर्धी मागाहून ओढण्यासाठी तो येथे लपवून ठेवीत असावा, कारण घरात शंखाला कोणी हात लावीत नसे. आत खोलवर तंबाखूचा वास साचून राहिला होता. एके काळी असे पाहिले असते तर मी पंचगव्य आणायला सांगितले असते.

शंख आता त्याच शिसवी कपाटात, पोथ्यांच्या शेजारी आहे. ती अर्धी मी होती तशी परत आत सरकवली आहे. धुतलेला नाही. काल दुपारी घरात कोणी नसताना मी तो ओठांशी नेला आणि छातीत होती तेवढी हवा घालून फुंकला. आवाज झाला नाही. फक्त काशिनाथच्या शर्टाला येई तो वास परत माझ्या तोंडावर आला, आणि मी तो ओढून घेतला.