खजुराचा डबा माझ्या ताब्यात होता

तो माणूस माझ्यासमोर कोसळला तेव्हा खजुराचा डबा माझ्या काखेत होता आणि मी तो सोडत नव्हते.

"त्याला शुगर आहे," मी सगळ्यांना बजावत होते. "एक खजूर दिलात तर मरेल."

रियाधमधल्या कामगारांच्या त्या इमारतीत मी मदतीला जायला लागून आठच दिवस झाले होते. मोबाईलच्या दुकानांत आता फक्त सौदी माणसं ठेवायची, असा हुकूम निघाला होता. आमच्या रायगडकडचे पंधराएक जण काम सुटून तिथे अडकले होते. कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा तो सौदी मालक, परत जायचा कागद करून देईपर्यंत बसून राहायचं.

रियाधलाच मुलाच्या घरी मला कंटाळा आला होता. सून म्हणाली, "अम्मी, तिथे तुम्ही काय करणार?" मी म्हटलं, स्वयंपाक. गेल्यावर कळलं, ते सगळे माझ्यापेक्षा बरं रांधतात. माझं पहिल्या दिवशीचं कालवण त्यांनी मुकाट्याने खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी मला सामान सांभाळायला बसवलं. मला तो मान वाटला.

माझा नवरा शुगरने गेला, चोरून लाडू खायचा. त्यामुळे चौथी शिकलेली मी या रोगातली डॉक्टरच झाले होते. त्या पंधरातल्या या माणसाला शुगर आहे कळल्याबरोबर मी त्याचा भात बंद केला. अर्धी रोटी आणि काकडी. स्वभावाने गरीब, उलट बोलला नाही.

त्या दुपारी मात्र आला. "खाला, सकाळी इन्शुलिनची सुई घेतलीय. हात थरथरतायत. एक खजूर द्या."

"थरथरतात कारण शुगर चढलीय. पाणी पी."

तो पाणी प्यायला. घामाने सदरा भिजला. मग बसला, मग आडवाच झाला.

त्यांच्यातला भात शिजवणारा धावत आला. "खाला, डबा सोडा. शुगर चढली नाही, उतरलीय."

"तू डॉक्टर आहेस?"

"माझ्या आईला आहे शुगर. सोडा आधी."

त्याने डबा ओढला, डब्याबरोबर मीही ओढली गेले. डब्याच्या तळाशी साठलेला पाक त्याने बोटाने त्या माणसाच्या हिरड्यांना चोळला. दुसऱ्याने अँब्युलन्स बोलावली.

संध्याकाळी दवाखान्यात तो उठून बसला. नर्स केरळची होती. तिने हिंदीत दरडावलं, "इंजेक्शन लेके खाना क्यों नहीं खाया?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"भूख नहीं थी, सिस्टर," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी डबा भात शिजवणाऱ्याकडे गेला आणि माझ्याकडे कांदे आले. "खाला, कांद्यात शुगर नाही ना?" जो तो विचारायचा. मी कांदे सोलत राहिले. घरी बसून सुनेला काय सांगणार होते?

महिन्याभराने त्या शुगरवाल्याचा कागद आला. गावी गेला. अजून आहे, दोन्ही वेळ भात खातो.