सतरावं पान

परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात हिरा गजभियेवर लेख हवा, असं संपादकांनी ठरवलं आणि तो मीच लिहावा असंही त्यांनीच ठरवलं. "अरुणाताई, तुम्हीच तर तिला सायकल शिकवलीत!" हो, मीच शिकवली. तेच तर दुखणं आहे. त्यांना हवा आहे 'फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून एकटीने सायकल चालवून आलेली आपली मैत्रीण' असा गोड लेख. मी लिहिते आहे ते त्यांनी छापलं तर छापलं.

हिरा नागपूरची, इंदोऱ्याची. वय एकोणपन्नास. इथल्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ती दिवसभर पाण्यातले जंतू शोधते. लग्न केलं नाही. तोआ पायोहमध्ये माझ्या ब्लॉकपासून तीन ब्लॉक सोडून भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. मोठ्याने हसते, मोठ्याने जेवते आणि सायकलला पाण्याची एकच बाटली लावते. वजन होतं म्हणे. ती बाटली चांगीच्या निम्म्या रस्त्यात संपते. मग मागून हाक येते, "ओ मास्तरीणबाई, पाणी आहे काय?" माझ्या सायकलला दोन बाटल्या. दुसरी हिराची, असं आमच्या रविवारच्या सायकलवाल्या कंपूत धरूनच चाललेलं. आठ वर्षं मी कुरकुरत ती बाटली तिच्या हातात देत आले.

लहानपणी तिच्या घरात एकच सायकल होती, ती वडिलांची, गिरणीत जायची. मुलींच्या वाट्याला ती कधी आलीच नाही. मी कोथरूडची, शाळा, कॉलेज, क्लास सगळं सायकलवर केलेली. २०११ साली मंडळाच्या सहलीला आम्ही पुलाउ उबीन बेटावर गेलो. चांगीच्या धक्क्यावर बारा माणसं जमली की बमबोट, म्हणजे छोटी लाकडी होडी, सुटते, ती जमेपर्यंत आम्ही दोघी शेजारी बसलो होतो. सगळे उबीनला उतरून भाड्याच्या सायकली घेऊन पसार झाले आणि ही एकटी दुकानापाशी उभी. "मला येत नाही," म्हणाली, अगदी सहज. एक्केचाळीस वर्षांच्या बाईने हे इतकं सहज म्हणावं याचंच मला नवल वाटलं. मी तिचं सीट धरून त्या लाल मातीच्या रस्त्यावर दुपारभर पळत होते. दोनदा ती गटारात गेली, एकदा मला घेऊन गेली. चार वाजता मी हात सोडला तेव्हा तिला कळलंही नाही. तेव्हा मला किती आनंद झाला होता! खोटं कशाला सांगू, तो खरा होता.

त्याच वर्षी मी माझी वही सुरू केली. ऑफिस पाया लेबारला, काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं, त्यामुळे वहीसुद्धा तशीच: पानांना क्रमांक, प्रत्येक नोंदीला तारीख. विषय एकच, फ्रान्समधल्या बर्गंडीतून सायकलने दहा दिवस. मोठी शहरं नाहीत, किल्ले नाहीत. फक्त शेतं, द्राक्षांचे मळे आणि प्रत्येक खेड्यातलं आठशे-नऊशे वर्षांचं दगडी चर्च. कुठल्या चर्चच्या दारावर काय कोरलंय, कुठली किल्ली कुणाच्या घरी मागायची, कुठला चढ नको, बेकरी सोमवारी बंद असते, बारा ते दोन गावात कुत्रंही भुंकत नाही, हे सगळं लोकांचे प्रवासाचे अनुभव वाचून वाचून टिपलेलं. सतरावं पान पाण्याचं. त्या खेड्यांत दुकान नसतं, हॉटेल नसतं, पण चर्चला लागून स्मशान असतं आणि स्मशानात नळ असतो, फुलांना घालायला. 'पिण्याचे नाही' अशी पाटी नसेल तर सायकलवाले बाटल्या तिथे भरतात. हे लिहिताना मी थोडी थबकले होते. स्मशानातलं पाणी! पण लिहिलं, खाली दोन रेघाही ओढल्या.

जाणं मात्र झालं नाही. २०१४ला लेकीची, इराची, पीएसएलई, म्हणजे इथल्या सहावीची परीक्षा. त्या वर्षी आई कुठे जाते? मग सासूबाईंचं ऑपरेशन. मग नवऱ्याची, प्रबोधची, नोकरी बदलली, त्याचा इथे काम करायचा पास नवा व्हायचा होता, तोवर व्हिसाला अर्ज नको असं ठरलं. कुणी अडवलं नव्हतं मला. प्रबोध तर दरवर्षी म्हणायचा, "जा की!" आणि ते 'जा की' ऐकलं की मला वाटायचं, माझ्यावाचून यांचं चालेल म्हणजे काय? मग मी जायची नाही. दर रविवारी कॉफी पिताना मात्र बर्गंडीबद्दल मीच बोलायची.

या मार्चमध्ये चांगी व्हिलेजच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांपाशी, आम्ही कंपूतले चौघं बसलो होतो, मी, हिरा, पद्माकरराव आणि धवल. हिराने नासी लेमाकचा, नारळाच्या दुधातल्या भाताचा, घास तोंडात असतानाच सांगितलं, "व्हिसा आला माझा. जूनमध्ये जाऊन राहिली मी. बर्गंडी. दहा दिवस."

पद्माकररावांनी टाळ्या वाजवल्या. धवलने तिच्या पाठीत धपका घातला.

"एकटी?" मी विचारलं.

"मग? तुझ्याच तोंडून ऐकून ऐकून पाठ झालं सारं. म्हटलं, पाहून तं यावं एकदा. अरुणा, तुझी ती वही दे ना. झेरॉक्स करून दे, फोनची बॅटरी संपली की बसा बोंबलत."

मी म्हणाले, "वा! छानच की." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. आठ वर्षं बीळ मी खणायचं आणि नागोबा हिने व्हायचं. ती तिकीट काढू शकते कारण तिच्यामागे कुणी नाही, असं मी मनातल्या मनात म्हणाले, आणि ते किती हलकट वाक्य आहे हे कळूनही पुन्हा एकदा म्हणाले. घरी येऊन इरावर उगाच खेकसले. तिने हेडफोन काढला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मम्मी, देन यू ऑल्सो गो लाह. हू स्टॉप यू?" आणि हेडफोन परत घातला.

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी वही झेरॉक्स मशीनवर ठेवली. एकेक पान, चोवीस पानं. सोळावं झालं. सतरावं उलटलं, काचेवर ठेवलं, त्या दोन रेघा पाहिल्या आणि झाकण न लावताच पान पुढे उलटलं.  हिराला सगळं मिळतंय, एवढं एक तरी माझं राहू दे, असं काहीसं वाटलं. शिवाय मनाला सांगायला कारणही तयार होतं: स्मशानातलं पाणी कोण पितं? ती काही पिणार नाही. तिची एकच बाटली मला आठवत होती. तरी मी अठरावं पान काचेवर ठेवलं.

जून संपत आला आणि ग्रुपवर फोटो यायला लागले. रोज आठ-दहा. मळ्यांमधून जाणारा पांढरट रस्ता, टेकाडावर ठेंगणं चर्च, त्याच्या दगडी कमानीवर माणसं आणि जनावरं कोरलेली, खाली हिराची सायकल टेकवलेली. मी प्रत्येक फोटो बोटांनी मोठा करून पाहायची. हे माझं नववं पान. हे बारावं. या दारातला सिंह तर माझा लाडका, आणि ही बया त्याच्यासमोर दात काढून उभी! सायकलची साखळी नीट नाही, हेल्मेट तिरकं आहे, असे दोष मी शोधत बसायची. आवडल्याचा अंगठाही उठवला नाही कुठल्या फोटोला. मग लोकांच्या लक्षात येईल म्हणून सगळ्या फोटोंना एकदम उठवला.

पाचव्या दिवशी बातम्यांत आलं, तिकडे उन्हाचा कहर आहे, अडतीस, एकोणचाळीस, लोकांना घराबाहेर पडू नका म्हणताहेत. तो रविवार होता. दुसऱ्या दिवशी सोमवार, बेकऱ्या बंद, आणि वहीप्रमाणे तिचा सगळ्यात लांबचा टप्पा. मी फोनवर लिहिलं, 'हिरा, पाणी संपलं तर चर्चच्या स्मशानात नळ असतो.' वाचलं. हे आत्ता पाठवलं तर आधी का नाही सांगितलं असं ती विचारेल. पुसून टाकलं. एव्हाना कळलंच असेल तिला, असं म्हणून कणीक मळायला घेतली.

सोमवारचा फोटो आला नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मला तेव्हा कळलं. सगळे म्हणत होते रेंज नसेल, आणि मी एकटी घाबरले होते. मंगळवारी दुपारी मी मीटिंगमध्ये फोन मांडीवर घेऊन बसले. साहेबांनी दोनदा नाव घेतलं, मला ऐकू आलं नाही. तीनच्या सुमारास एकच फोटो आला. लोखंडी नळ. मागे खिळ्यांना ओळीने टांगलेल्या हिरव्या झाऱ्या. खाली एक अक्षर लिहिलेलं नाही. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. ती जिवंत होती म्हणून रडले हे खरं, पण तिने माझ्याशिवाय शोधून काढलं म्हणूनही थोडी रडले असेन.

ती परत आल्यावरच्या रविवारी आम्ही पुन्हा चांगीला बसलो. हिरा काळी पडली होती, बारीक झाली होती आणि अशी काही दिसत होती की मी दुसरीकडे बघत होते.

"सांगा, सांगा," पद्माकरराव म्हणाले, "सगळ्यात भारी काय?"

"सोमवार," हिरा म्हणाली. "बाटली संपली दहा वाजता. तीन गावं गेली, सारी बंद. दारं वाजवली, कोणी उघडेना. चौथ्या गावात डोळ्यापुढे काजवे. चर्चलाही कुलूप. दाराच्या सावलीत बसली, म्हटलं हिराबाई, आता तुमची फोटोफ्रेम. तेवढ्यात पाणी ठिबकल्याचा आवाज. मागे गेली तं स्मशान, आणि त्यात नळ!"

"स्मशानातलं पाणी प्यायलात?" पद्माकररावांनी कप खाली ठेवला.

"पेली ना! पाटी होती काय ते पाहिलं, नव्हती. वास घेतला. दिवसभर पाणीच तपासते मी. जितीजागती माणसं दार उघडेनात, मेलेल्यांचा नळ चालू होता." ती हसली, कॉफी ढवळली. "आमच्या आजीला गावच्या विहिरीवर चढू नव्हते देत. कोणी आलं तं वरून ओंजळीत ओतायचं, नाही आलं तं उन्हात उभी. मला तर अख्खा नळ मिळाला, पद्माकरराव. मी काहून सोडू?"

 धवल मोबाइल बघायला लागला. मी लिमयांची, पुण्याची, स्वतःला फार सुधारलेली समजणारी. आमच्या घरात हे असलं काही नव्हतं, असं मी नेहमी सांगत आले. पाण्याची जागा लपवायला मला कुणी शिकवलं नव्हतं. तरी ते किती सफाईने जमलं मला!

मग हिराने पिशवीतून झेरॉक्स काढले आणि माझ्यापुढे ठेवले. कडा दुमडलेल्या, घामाने फुगलेल्या. सोळा आणि अठराच्या मध्ये एक नवा कागद होता, तिच्या अक्षरातला. वर क्रमांक घातलेला, सतरा. 'पाणी: चर्चच्या मागे, स्मशानात. नळ बहुतेक फाटकाजवळ. पाटी पाहावी.' खाली दोन रेघा.

"तू जाशील तेव्हा लागेल," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर कोस्ट रोडला धवल आणि पद्माकरराव पुढे गेले. मी सायकल तिच्या बरोबरीला आणली. सांगायचं नाही असं ठरवलं होतं आणि सांगून मोकळी झाले. "हिरा, सतरावं पान वहीत होतं. मी मुद्दाम उलटलं."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"विमानातच पाहिलं. सोळानंतर अठरा. तू टेस्टिंगवाली बाई, तुझं पान चुकून नाही राहत."

"मग विचारलं का नाहीस?"

ती पायडल मारता मारता विमानतळाच्या कुंपणाकडे बघत होती.

"मला वाटलं, एखादं चांगलं चर्च असेल," ती म्हणाली. "तुला एकटीला पाहायचं असेल. म्हटलं, राहू दे तिला एक." मग गिअर बदलत, "पाणी असेल असं नव्हतं वाटलं."

मी माफी मागितली. ती "बरं" म्हणाली, आणि खरंच बरं असल्यासारखी म्हणाली. अजून दर रविवारी येते, मला मास्तरीणबाई म्हणते, इराला परीक्षेचं विचारते. पुढच्या मे महिन्याचं तिकीट मी काढलंय. जाईन. तिथे तो सिंह पाहताना मला तिचाच हेवा वाटणार आहे, हेही मला आत्ताच ठाऊक आहे.

माझ्या सायकलला अजून दोन बाटल्या असतात. दुसरी भरलेलीच घरी येते. हिराच्या सायकलला आता दोन बाटल्या आहेत.