हितेशच्या मशीनमधला धवला

माझा धाकटा भाऊ हितेश अंजूरच्या एका गोडाऊनमध्ये कॉम्प्युटर सांभाळतो. ते गोडाऊन आमच्याच शेतावर उभं आहे. भात पिकायचं तिथे आता लोकांचे टीव्ही आणि चपला ठेवतात. तू नक्की काय काम करतोस, असं कोणी विचारलं तर तो इतकं समजावतो की विचारणारा चहा अर्धा टाकून पळतो. मी बहीण, मला पळता येत नाही. म्हणून मला ते कळलं.

कॉम्प्युटरच्या मुळाशी कर्नल नावाचा एक कारभारी असतो. डिस्कवर कुठली फाइल कुठे ठेवली आहे, ते सगळं त्याच्या हातात. त्या मांडणीत काही बिघडलं की पहिल्यांदा त्याला कळतं. माणसाला मात्र पत्ता लागतो तो फाइल उघडायला गेल्यावर, आणि तोवर उशीर झालेला असतो. हल्ली कर्नल बिघाडाची खबर स्वतःहून देतो, फक्त ती ऐकणारा प्रोग्राम बसवावा लागतो. हितेशने तो लिहिला. गोडाऊनच्या डिस्कवर जरा बिनसलं की त्याच्या फोनवर मेसेज येतो आणि हा ताटावरून उठतो. दुसऱ्यांच्या चपला असा डोळ्यांत तेल घालून जपतो.

घरच्या जुन्या कॉम्प्युटरलाही त्याने तोच प्रोग्राम बसवला, कारण त्यात आत्याचा आवाज होता. आमची गुणाआत्या धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात धवलारणीने धवला गायल्याशिवाय हळद लागत नाही की उंबराची फांदी मांडवात येत नाही. प्रत्येक विधीचा धवला निराळा, आणि सगळे तिला तोंडपाठ. हितेशने तिच्याजवळ बसून बसून ते रेकॉर्ड केले. पुण्याचं काम केलं त्याने, हे मी आजही म्हणते. पण त्यानंतर गाव निर्धास्त झालं. माझी मुलगी मृणाली आत्याकडे शिकायला जायची, तिने जाणं सोडलं. लग्नात आत्या गायला लागली तरी कोणी फोन वर धरेना. हितेशकडे आहे की, म्हणायचे.

गेल्या वर्षी कोन गावात आमच्या मावसबहिणीची, मनालीची हळद होती. तिथे हितेशला मेसेज आला. घरच्या डिस्कवर बिघाड, फाइल उंबराच्या धवल्याची. आत्या शेजारीच बसली होती, तिने त्याचा चेहरा पाहिला.

"काय झाला रं?"

"तुजा उंबराचा धवला बिघरला गो आत्या. येकच फाइल हाय."

"मंग फिरून गाऊ का? आज गला बरा हाय."

"आता नको गो, कशाला दमतेस? बाकी सगला हाय मशीनमधी. नंतर बगू."

एकच, असं तो म्हणाला ते खोटं नव्हतं, त्याला एकच दिसला होता. कर्नलची अशी रीत आहे की बिघाडांची रांग लागली तर तो पहिल्याचीच सविस्तर खबर देतो आणि मागच्यांचा नुसता आकडा जोडतो. गोडाऊनच्या मेसेजमध्ये हितेशने तो आकडा दाखवला होता. घरच्या मेसेजमध्ये ते करायचं राहून गेलं. घरचं काय, चालतं.

हळदीनंतर थोड्याच दिवसांत आत्या झोपेतच गेली. तिचं कार्य उरकल्यावर हितेशने डिस्क उघडली. उंबराच्या धवल्यामागोमाग जवळजवळ सगळेच गेले होते. भिवंडीत दुरुस्तीवाल्यांकडे नेली, त्यांनी हात टेकले. दुसरी प्रत केली होतीस का, मी विचारलं. गोडाऊनच्या मालाच्या नोंदींची रोज दुसरी प्रत निघते, आत्याची निघाली नव्हती. मी त्याला तोंडाला येईल ते बोलले.

यंदा शेजारच्या प्रितमचं लग्न निघालं. उंबराची फांदी मांडवाच्या तोंडाशी आली तेव्हा बायकांनी मृणालीला पुढे ढकललं. तिने सुरुवात चांगली केली, एक-दोन ओळी आत्यासारख्याच काढल्या आणि मग अडली. मागच्या बायकांकडे तिने पाहिलं, त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. पुढचं कोणालाच येईना. फांदी धरलेली माणसं उन्हात तशीच उभी. शेवटी कोणीतरी बँजोवाल्यांना खूण केली आणि फांदी त्या गोंगाटात आत गेली.

हितेश माझ्या शेजारी उभा होता. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. तोच म्हणाला, "ताय, आत्या गाते बोलत होती. मीच नको बोललो."